मामांदेखत पोर उचलायची नाही

स्वतःच्या पोरीला दात आला म्हणून खच्चून भरलेली जीप भर रस्त्यात उभी करणारा बाप, भीमेच्या अल्याडपल्याड शिरूर आणि दौंड असे दोन्ही तालुके धुंडाळले तरी एकच सापडेल, आणि तो माझा सख्खा भाचा आहे. हे अभिमानानं सांगावं की खाली मान घालून सांगावं, ते पुष्कळ दिवस माझं मलाच ठरत नव्हतं. आता ठरलं, म्हणून लिहायला बसलो. मी तिसरीतून शाळा सोडली. त्याला गुरुजींचा आणि माझा असे दोन हट्ट कारण झाले, माझा टिकला. तेव्हा अक्षर वाकडं येईल, पण सांगणं सरळ येईल.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक. बहीण आमच्या खुटबावातच दिलेली, तिचं घर माझ्या घरापासून हाकेवर. भाचा खुटबाव ते तळेगाव ढमढेरे अशी वडाप जीप चालवतो. एका जीपमध्ये किती माणसं बसावीत याबद्दल जीप बनवणाऱ्यांचं काहीतरी मत असणार. भाच्याला ते कधी पटलं नाही. मागं माणसं, टपावर माणसं, दाराला लोंबकळणारी माणसं. पुढची त्याच्या शेजारची जागा मात्र माझी. मी नसलो तरच ती दुसऱ्याला मिळते, आणि मी सहसा असतो. तळेगावात मला काम असतंच असं नाही, पण घरात नुसतं बसून राहायला मी काही तसबीर नाही. तर लग्नानंतर बरीच वर्षं वाट बघून, देवधर्म करून, पुण्याच्या डॉक्टरांचे जिने झिजवून या भाच्याला मुलगी झाली. नाव ठेवलं परी. मला ते नाव तोंडात बसत नाही, मी ठकी म्हणतो. ती दोन्हीला ओ देते.

दुसरे जीपवाले स्टँडवर उभे राहून "चला तळेगाव, तळेगाव" असं ओरडतात. हा दारात एक पाय ठेवून पोरीच्या बातम्या सांगतो, आणि शिटा आपोआप भरतात. आज तिनं मान धरली. आज दिव्याकडं बघून हसली. आज स्वतःचा पाय स्वतःच्या तोंडात घातला आणि पुन्हा बाहेर काढला. मूठ तोंडात घातली त्या दिवशी तर तो गाडी सुरू करायचंच विसरला. "पुरी मूठ मामा! पार मनगटापातूर!" मागं एक म्हातारी बसली होती, दहा नातवंडांची आजी. ती म्हणाली, "सगळीच पोरं घालत्यात रं बाबा." हा मागं वळून म्हणाला, "घालत असतील आजी, पन हिनं घातली ना!" म्हातारीनं हसत भाड्याचे पैसे पुढं केले.

दाताची गोष्ट सांगतो. ठकीला पाणी पाजताना वाटीवर टक्क वाजलं, म्हणजे दात आला. बाकीच्या घरांत आई हसते, आजी कानशिलावर बोटं मोडते, झालं. यानं ते टक्क मोबाइलमध्ये भरून घेतलं आणि जीपच्या स्पीकरवर गाण्यांच्या जागी लावलं. टक्क. थोडा वेळ शांत. टक्क. आणि मधूनच माझ्या बहिणीचा आवाज, "पुरं की आता, घसा कोरडा पडला पोरीचा." त्या दिवशी मागं कारखान्यावरची बिहारकडची पोरं होती. त्यांतला एक दबकत म्हणाला, "भैया, गाडी में कुछ बज रहा है." त्याला वाटलं एक्सल गेला. भाच्यानं जीप उसाच्या कडेला घेतली, सगळ्यांना खाली उतरवलं, आवाज मोठा केला आणि म्हणाला, "बेटी का दात है!" त्या पोरांनी एकमेकांकडं बघितलं आणि मग काय झालं कुणास ठाऊक, एकेक जण पुढं येऊन त्याच्याशी हात मिळवायला लागला. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचं तान्हं गावाकडं होतं. मी गाडीतून उतरलो नाही. दाताला उठून उभं राहायची आमच्यात रीत नाही.

आणखी एक खोड. पोरीनं नवं काही केलं की हा बाजारातून बैलांच्या शिंगांना बांधायचा लोकरीचा गोंडा आणायचा आणि जीपमधल्या आरशाला बांधायचा. पालथी पडली, तांबडा गोंडा. आधारानं बसली, पिवळा. टाळी वाजवली, हिरवा. वर्षाच्या आत त्या आरशात मागचा रस्ता दिसेना, नुसती लोकर दिसायला लागली. चौफुल्याला एका हवालदारानं अडवलं. "काय रे, गाडी हाय का पोळ्याचा बैल? काढ ते समदं." भाचा म्हणाला, "काढतो साहेब, पन आधी कशाकशाचं हाय ते तर ऐका," आणि एकेका गोंड्याला हात लावून सांगायला लागला. हवालदार टोपी सारखी करत करत खिडकीत वाकला. शेवटी म्हणाला, "आमचं अजून रांगत न्हाई. वय झालंय तसं." भाचा म्हणाला, "रांगंल साहेब. सतरंजी काढा खालची. गुळगुळीत फरशीवर ती सरकती, पोराला बळ लागत न्हाई, घोंगडं टाका, घोंगडं." पुढच्या खेपेला त्याच हवालदारानं हात करून गाडी थांबवली आणि कागद न मागता एक तांबडा गोंडा आत टाकला.

आता मला याच्या कुठल्या गोष्टीचा राग यायचा ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. हा घरात पाऊल टाकायच्या आधी पोरीला उचलायचा. चपला पायात, हाताला डिझेलचा वास, समोर मी बसलेलो, तरी सरळ पोर कमरेवर. आमच्या वेळी वडीलधाऱ्यांदेखत स्वतःचं पोर उचलायचं नाही, अशी रीत होती. भावाचं पोर घ्या, बहिणीचं घ्या, शेजाऱ्याचं खांद्यावर घेऊन जत्रेला न्या, पण आपलं नाही. ती मर्यादा होती. माझी तीन पोरं झाली, आणि बाबा जिवंत होते तोवर एकालाही मी त्यांच्यासमोर हात लावला नाही. पोर रडून निळं झालं तरी मी गोठ्यात दावं सोडत राहिलो. गावात लोक माझं नाव घ्यायचे. भाच्याला हे मी शंभरदा सांगितलं. तो म्हणायचा, "व्हय मामा, बरोबर हाय मामा," आणि ठकीची पापी घ्यायचा.

पण त्याच्या मनात एक सल होता, तो मला पुढच्या शिटावर बसून कळला. पोरीचं एकही नवल यानं स्वतः बघितलेलं नव्हतं. ती पालथी पडली तेव्हा हा पारगावच्या पुलाजवळ पंक्चर काढत होता. टाळी वाजवली तेव्हा हा स्टँडवर नंबर लावून उभा. वाटीवरचं पहिलं टक्क झालं ते आईच्या कानांसाठी. यानं भरून घेतलं ते दुसऱ्या दिवसाचं. सगळं ऐकीव. जीपभर माणसांना हसून सांगायचा, पण एकदा सगळे उतरल्यावर मला म्हणाला, "मामा, मी आपला बातम्या सांगनारा झालोय बघा. घडतंय समदं दुसऱ्यांच्या म्होरं." आणि मग स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाला, "पन पहिलं पाऊल मी बघनार. ते माझं."

ठकी भिंतीला धरून उभी राहायला लागली आणि याची झोप उडाली. थांबा आला की घरी फोन. "चालली का?" न्हाई. "मग चालू देऊ नका! मी येतो, तवर तिला खाली ठिवू नका!" आता चालायला निघालेल्या पोराला दिवसभर मांडीवर धरून ठेवणं म्हणजे वासराला पिशवीत घालण्यासारखं आहे. भाचेसून वैतागली. बहीण म्हणायची, "दादा, तुमच्या भाच्याला सांगा, पोरीचं पाय हायेत, नळाची तोटी न्हाई, बंद करून ठिवायला." यानं दुपारच्या खेपा सोडल्या. दुसऱ्या जीपवाल्यांनी त्याच्या शिटा पळवल्या. हा अंगणात उकिडवा बसून राहायचा, आणि ठकी त्याच्या मांडीवर चढून झोपी जायची.

मग तो बाजारचा दिवस आला. बहीण तळेगावच्या बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसते. त्या दिवशी भाचेसून, ठकी आणि मी असे सगळेच तिच्याबरोबर होतो. भाच्याला वढू बुद्रुकला समाधीच्या दर्शनाला जाणाऱ्या मंडळींचं भाडं मिळालं होतं. जाताना त्यानं तिघांनाही बजावलं, "भाजीच्या रिकाम्या पाटीत बसवा तिला. पाटीत!" ठकी पाटीची कड धरून उभी होती. समोरच्या ओळीत टोमॅटोचा ढीग, लालभडक, त्याच्यावर नुकतंच पाणी मारलेलं. बहीण गिऱ्हाइकाला जुडी देत होती, सून सुट्टे शोधत होती, आणि मी बघत होतो. ठकीनं कड सोडली. दोन्ही हात पंखांसारखे वर, पोट पुढं, आणि निघाली. डोक्यावर पोतं घेतलेला एक हमाल जागच्या जागी थांबला. ती मधली वाट ओलांडून ढिगापाशी गेली, एक टोमॅटो उचलला आणि मटकन खाली बसली. मग सगळा बाजार एकदम ओरडला, कारण त्यातल्या निम्म्या बाया रोज भाच्याच्या जीपनं येणाऱ्या. पोर त्यांच्यातही वाटलेलं होतं.

बहिणीनं तोंडावर हात धरला. "दादा, आता ह्याला काय सांगायचं?"

"काय न्हाई सांगायचं," मी म्हणालो, आणि उभा राहिलो. पंचायतीत उभा राहतो तसा राहिलो. "ऐका ग बायांनो. ह्यातला एक शब्द खुटबावला गेला, तर माझ्याशी गाठ हाय."

गवारवाली म्हणाली, "आबा, बाजारातलं बोलनं बाजारात ऱ्हातंय व्हय कवा?"

"माझ्या भाच्याच्या जीपमध्ये बसायचं असंल, तर ऱ्हाईल."

परतीच्या जीपमध्ये मयताला गेल्यासारखी शांतता. भाचा आरशातल्या लोकरीत बघत म्हणाला, "आज समद्या गप का? भाव पडला का काय?" गवारवालीनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. हसू की रडू, तिचं तिला माहीत.

आता पुढं सोपं होतं, असं मला वाटलं. आज इथं चालली, उद्या त्याच्यासमोर चालेल, तो पहिलं म्हणेल, गंगेत घोडं न्हालं. पण नाही. ठकी दिवसभर वस्तीवर भटकायची. कोंबड्यांमागं, शेळीच्या करडामागं, माझ्या काठीमागं. जीपचा हॉर्न वाजला की जिथं असेल तिथं फतकल मारून बसायची आणि दोन्ही हात वर करायची. हा यायचा, उचलायचा, आणि झोपेपर्यंत पोरीचे पाय जमिनीला लागायचे नाहीत. कमरेवर बसून जग दिसत असेल तर चालायचं कशाला? असे बरेच दिवस गेले. भाचा सुकायला लागला. जीपमध्ये कुणी "काय म्हनती परी?" विचारलं, तर "बरी हाय" एवढंच म्हणायचा. एकदा मला हळूच म्हणाला, "मामा, तिच्या पायात काय दोष न्हाई ना?" तेव्हा मात्र मला राहवलं नाही. त्याला उचलू नको सांगावं, तर का ते सांगावं लागणार. तेव्हा मी माझ्या पद्धतीनं करायचं ठरवलं. कुणाला विचारलं नाही. मी विचारत नसतो.

दिवस कलायच्या आत बहिणीच्या अंगणात बाज टाकून बसलो. सुनेला सांगितलं, पोर तिकडं ओट्यापाशी खाली ठेव आणि बाजूला हो. हॉर्न वाजला. ठकी बसली, हात वर. भाचा फाटकातून आत आला तसा मी काठी आडवी धरली.

"थांब. तिथंच."

"काय झालं मामा?"

"मी ह्या घरचा मामा हाय का न्हाई?"

"आसं काय बोलता? हायच की."

"मग आजपासनं माझ्यादेखत पोर उचलायची न्हाई. लई दिस गप बसलो. वाडवडलांची रीत हाय."

"मामा, उद्यापासनं पाळतो. आज एकदा—"

"हात मागं!"

तीस-पस्तिशीचा बाप्या तो, पण त्यानं हात मागं बांधले. ठकीनं थोडी वाट बघितली आणि मग टाहो फोडला. बहीण चुलीपासून धावत आली. "दादा, तुम्हाला काय झालंय? उन्हातनं दमून आलंय पोरगं, आन् तुम्ही रीती काढून बसलाय!" मी तिच्याकडं बघितलं नाही. भाचेसुनेच्या लक्षात आलं असावं, तिनं सासूचा दंड धरून तिला मागं ओढलं. पोर रडत होती, भाच्याचा चेहरा दावणीला बांधलेल्या बैलासारखा झाला होता. आणखी थोडी रडली असती तर मीच उठून तिला उचलून त्याच्याकडं दिली असती.

पण रडणं थांबलं. आपला बाप आज येत का नाही, याचा तिनं विचार केला. दोन्ही तळहात भुईवर टेकले, आधी ढुंगण वर केलं, मग डोकं, आणि उभी राहिली. शेंबूड ओठांवर आलेला, फ्रॉक एका खांद्यावरून उतरलेला. आणि निघाली. अर्ध्या वाटेत तोल जाऊन ती पुढं पडली, तसा तो झेपावला. मी खच्चून ओरडलो, "हात मागं!" तो थांबला. पोर उठली, हातांची माती फ्रॉकला पुसली आणि त्याच्या गुडघ्याला येऊन मिठी मारली. वर तोंड करून बघायला लागली.

तो तसाच उभा. हात मागं. डोळ्यांतून धारा. आणि मला काय म्हणतो, "मामा, आता उचलू का?"

"उचल की येड्या," मी म्हणालो.

मग बहिणीनं जे नाटक केलं ते विचारू नका. "अगं बया बया, चालली की गं माझी बाय!" असं वेशीपर्यंत ऐकू जाईल इतकं ओरडली. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये जिलेबी. गवारवालीनं दोन वेळा घेतली आणि डोळे मोठे करून विचारलं, "चालली? कवा?" भाचा सगळ्यांना सांगत होता, "मामांनी अडवून धरलं म्हून मला दिसलं. न्हाईतर मी येडा तिला उचलूनच घेत व्हतो." रीतीचं नाव झालं. मी मिशीवरून हात फिरवला.

आता ठकी अंगणवाडीत जाते. परवा सकाळी तिला दारात सोडून आम्ही तळेगावला निघालो होतो. हिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही, आत पळाली. भाच्यानं गाडी रस्त्याला लावली. मग मागच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "मामा, ती आधीच चालली व्हती ना? बाजारात?"

"कोन म्हनलं?" माझ्या डोळ्यांपुढं गवारवाली आली.

"कोन न्हाई. मी रोज तिचं हातपाय धुतो. रांगनाऱ्या पोराचं गुडघं काळं असत्यात. बाजारच्या दिवशी तिचं तळवं काळं व्हतं. पायात दोष हाय का म्हून तुम्हाला इचारलं, ते तुम्ही काय सांगताय का बघायला."

"मग ठाऊक असून रोज उचलत का व्हतास रं?"

"तिनं हात वर केल्यावर न उचलून कसं चालंल? माझ्यानं झालं नसतं. तुम्ही हात मागं म्हनला म्हून झालं." त्यानं गिअर बदलला. "बाजारात चालली ती टमाट्याकडं. माझ्याकडं आली ती पहिलीच की."

थोडं पुढं गेल्यावर त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "तुमचा थोरला पहिल्यांदा कुनाकडं चालत आला मामा?"

हे माहीत असलेलं माणूस एकच होतं, माझी बायको, आणि ती आता नाही. मी म्हणालो, "माझ्याकडं. दुसऱ्या कुनाकडं जाईल?"

भाच्यानं लगेच हॉर्न दाबला आणि मागं तोंड करून ओरडला, "ऐकलं का हो! मामांचा थोरला बी पहिलं पाऊल मामांकडंच आला!" मागं बायांनी हूं केलं. कुणीतरी विचारलं, "कुठं आबा?" मी म्हणालो, "अंगनात. औत सोडून आलो व्हतो." "आन् हात वर केलं?" "केलं की." मग ती दहा नातवंडांची म्हातारी टपावरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मग उचलला का न्हाई तुम्ही?"

दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, तुऱ्यावर आलेला. मी त्याच्याकडं बघत म्हणालो, "उचलला."

तळेगाव येईपर्यंत मला ते अंगण चांगलं दिसायला लागलं होतं, आणि पोराचं वजन हाताला लागत होतं.